जुन्या संगणकावर नवी विंडोज टाकायची का? ठरवण्याआधी काय काय तपासाल

२०२५ च्या दिवाळीच्या सुमारास आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या सोसायटीत दर दोन दिवसांनी कुणीतरी दार वाजवायचं. "अगं, स्क्रीनवर काहीतरी येतंय, विंडोज संपली म्हणे. आता नवा लॅपटॉप घ्यावा लागणार का?" विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला, त्याची ती सूचना होती. वरच्या मजल्यावरच्या काकांनी घाबरून त्याच आठवड्यात नवा लॅपटॉप आणला. त्यांचा जुना आठ वर्षांचा होता आणि त्याला फक्त एका एसएसडीची (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कची) गरज होती. एका वहिनींनी कुणाकडून तरी "अकरा टाकून", म्हणजे विंडोज ११ बसवून, घेतली आणि त्या दिवसापासून त्यांचा प्रिंटर बंद पडला.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच शिकले आहे. काही वर्षांपूर्वी मी सासऱ्यांचा डेस्कटॉप फॉरमॅट मारून नव्यानं लावून दिला. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो, सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःचा एक लेख उघडला, तर पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा सडा. त्यांचं पंधरा वर्षांचं लेखन युनिकोडच्या (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या आताच्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या एका मराठी फॉन्टमध्ये होतं आणि तो फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये होता. ते फोल्डर मी घेतलंच नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत, चष्मा काढून टेबलावर ठेवला. चरईतल्या एका छापखान्यात तोच फॉन्ट मिळेपर्यंत तीन आठवडे गेले.

तेव्हापासून कुणी विचारायला आलं की मी आधी संगणकाचं मॉडेल विचारत नाही. त्यात तुमचं काय काय अडकलंय, ते विचारते.

पहिली पायरी: आठवडाभर कागद शेजारी ठेवा

संगणकावर जे जे कराल ते लिहीत जा. आठवणीतून यादी करायला बसलात तर वर्षातून दोनदा लागणाऱ्या गोष्टी हमखास सुटतात आणि नेमक्या त्याच नंतर छळतात. आपल्याकडच्या घरांत आणि छोट्या ऑफिसांत मला वारंवार दिसलेल्या गोष्टी अशा:

मराठी फॉन्ट. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव किंवा तशा जुन्या पद्धतीत टाइप केलेल्या फायली असतील तर ते सॉफ्टवेअर, त्याची सीडी, त्याचा यूएसबी डोंगल (पेन ड्राइव्हसारखी दिसणारी लायसन्सची किल्ली) असल्यास तो आणि सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या आतलं फॉन्ट्स फोल्डर, हे सगळं जपायला हवं. डोंगलवर चालणारी जुनी आवृत्ती नव्या विंडोजवर चालेलच याची खात्री धरू नका, विकणाऱ्याला फोन करून विचारा. महत्त्वाच्या फायली जुना संगणक चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या. रूपांतर केल्यावर जोडाक्षरं, रफार आणि आकडे डोळ्यांनी तपासावे लागतात, म्हणून हे काम घाईत होत नाही. सोबत प्रत्येक फाइलची पीडीएफही काढून ठेवा. अक्षरं बदलली तरी मूळ मजकूर काय होता, हे तिच्यावरून कळतं.

टाइप करण्याची सोय. अनेक जण अजून गूगल इनपुट टूल्सची संगणकावर बसवलेली आवृत्ती वापरतात. गूगलनं ती देणं बंद केलंय, त्यामुळे फॉरमॅट मारल्यावर ती परत मिळवणं अवघड. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची ठरलेली कळरचना) आणि फोनेटिक (उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) असे दोन्ही कीबोर्ड मुळातच आहेत. बदल करण्याआधी महिनाभर त्यांची सवय करून घ्या.

हिशेबाची सॉफ्टवेअर. टॅली असेल तर डेटाचं फोल्डर कुठे आहे ते शोधा, लायसन्सचा सिरियल नंबर आणि लॉगिन लिहून ठेवा. फॉरमॅट मारण्याआधी लायसन्स सरेंडर करावं लागतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. काही सोसायट्यांचे आणि दवाखान्यांचे हिशेब अजून डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरच्या फॉक्सप्रो नावाच्या जुन्या प्रोग्राममध्ये चालतात. असा सोळा बिटचा प्रोग्राम ३२ बिटच्या विंडोजवर चालतो, ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. डॉसबॉक्ससारख्या प्रोग्राममधून असं सॉफ्टवेअर चालवता येतं, पण छपाईपर्यंत सगळं जमतंय का ते आधी दुसऱ्या संगणकावर करून बघा.

डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर, स्कॅनर. प्रत्येकाचं नेमकं मॉडेल लिहा आणि कंपनीच्या साइटवर नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर (ते यंत्र विंडोजशी जोडणारा प्रोग्राम) आहे का ते पाहा. वहिनींच्या प्रिंटरचं हेच राहिलं होतं.

ब्राउझरमधले पासवर्ड आणि आउटलुकमधले मेल. कुठल्या फोल्डरमध्ये न दिसणाऱ्या या वस्तू, म्हणून विसरल्या जातात.

दुसरी पायरी: यंत्राची तब्येत

इथे विंडोजचं चिन्ह असलेली की आणि आर एकत्र दाबून उघडणारा छोटा चौकोन आपण तीनदा वापरणार आहोत.

त्यात डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर टाइप करा. कोणती विंडोज आहे ते कळेल. १० असेल तर पुढे २२एच२ लिहिलेलं दिसायला हवं, नसेल तर आधी तिथवर अपडेट करा. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला. क्रोमची या दोन्हींवर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ होती. अशा संगणकावर बँकेचं काम करत असाल तर ते आजच थांबवा, बाकीचं नंतर ठरवू.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये डिस्कखाली एचडीडी लिहिलंय की एसएसडी, ते पाहा. माझ्या मते या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची नोंद. संगणक "म्हातारा झाला" म्हणून माझ्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकांत जुनी फिरती हार्ड डिस्क होती. तिच्यावर विंडोज ११ टाकणं म्हणजे दमलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी गोणी ठेवणं. आधी एसएसडी, मग विंडोज. तिथेच मेमरीवर क्लिक केलं की रॅम किती आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. विंडोज ११ ची कागदावरची किमान अट ४ जीबी आहे, पण ८ च्या खाली तिच्यावर रोजचं काम करायला मी कुणाला सांगणार नाही.

जुनी डिस्क मरायला टेकली आहे का, हे क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये दिसतं. निळ्याऐवजी पिवळं 'कॉशन' दिसलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच संध्याकाळी फायली बाहेर काढा.

एक गोष्ट बिनखर्चाची. घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या नणंदेचा लॅपटॉप दर दहा मिनिटांनी रखडायचा. उघडला तर पंख्याच्या जाळीत मेट्रोच्या कामाच्या धुळीचा थर. साफ केला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली आणि तो ताळ्यावर आला. लॅपटॉप तापत असेल तर नव्या विंडोजनं तो थंड होणार नाही.

आता प्रोसेसर. छोट्या चौकोनात एम-एस-आय-एन-एफ-ओ-३२ टाइप केलंत की त्याचं पूर्ण नाव दिसेल. इंटेलच्या नावात आय थ्री किंवा आय फाइव्हपुढचा आकडा वाचा. ७२०० म्हणजे सातवी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. आकडा १ नं सुरू होत असेल तर पहिले दोन अंक बघायचे, म्हणजे १०२१० ही दहावी आणि ११३५ ही अकरावी. विंडोज ११ ला आठवी किंवा त्यापुढची लागते, सातव्या पिढीतले अगदी मोजके अपवाद आहेत. एएमडी असेल तर साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढे. सेलेरॉन, पेंटियम असली नावं असतील तर डोकं शिणवू नका, मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवा. ते थेट हो किंवा नाही सांगतं.

त्याच खिडकीत बायोस मोडपुढे यूईएफआय आहे की लेगसी, तेही टिपा. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डातला मूळ प्रोग्राम; यूईएफआय ही त्याची नवी पद्धत, लेगसी ही जुनी. शेवटी चौकोनात टी-पी-एम, मग टिंब, मग एम-एस-सी. टीपीएम म्हणजे संगणकातला सुरक्षेचा भाग, त्याची आवृत्ती २.० हवी. "सापडला नाही" असं आलं तरी निराश होऊ नका. असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये तो बऱ्याचदा असतो, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेला. इंटेलच्या बोर्डावर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम.

बायोसला हात लावण्याआधी दोन गोष्टी सांभाळा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायोसमधल्या बदलानंतर संगणक ती मागतो आणि की नसेल तर तुमच्याच फायलींना तुम्ही मुकता. दुसरं, लेगसीवरून यूईएफआयवर नुसतं बटण फिरवलंत तर संगणक सुरूच होणार नाही, आधी डिस्कची रचना बदलावी लागते. मायक्रोसॉफ्टचं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन फायली न पुसता ते काम करतं, तरी बॅकअप घेतल्याशिवाय ते चालवू नये. दुकानातल्या मुलाला हेच नाव घेऊन विचारा. "त्याला फॉरमॅटच मारावं लागेल" म्हणाला, तर दुसऱ्या दुकानात जा.

तिसरी पायरी: निवड

यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसतंय आणि यादीतल्या सगळ्या वस्तू ११ वर चालतात, अशी दोन्ही उत्तरं मिळाली तर विंडोज ११ टाका, फार विचार करू नका. खऱ्या लायसन्सच्या विंडोज १० वरून जायला पैसे पडत नाहीत. लायसन्स खरं आहे का, ते सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनमध्ये दिसतं. घरच्या संगणकावर तिथे "तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेतून" अशा अर्थाचं वाक्य असेल, तर विकणाऱ्यानं चोरटी प्रत टाकलेली असण्याची दाट शक्यता आहे. पाचशे-सातशे रुपयांत "अकरा टाकून देतो" म्हणणाऱ्यांकडूनही पुष्कळदा हेच मिळतं. अशा प्रती ज्या प्रोग्रामनं चालू करतात तो चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या संगणकावर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता, तिथे हे करू देऊ नका.

यंत्र अटींत बसत नाही पण तुमची कामं विंडोजला बांधलेली आहेत, तेव्हा एक वर्षाची मुदत मिळते. विंडोज १० साठी सुरक्षेचे वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्ज त्या खात्याशी सिंक केल्या तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. या मुदतीत पैसे साठवा आणि बाबांसारख्यांच्या फायली युनिकोडमध्ये आणा. मी स्वतः बाबांच्या डेस्कटॉपसाठी हाच मार्ग घेतला. फक्त लक्षात असू द्या की ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचाही सपोर्ट त्याच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. ती चालत राहतात, पण त्यांना अपडेट मिळत नाहीत. अनोळखी माणसानं पाठवलेली वर्ड फाइल त्यांत उघडू नका.

अटी चुकवून ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, रुफस नावाच्या प्रोग्रामातून ते सहज होतं. मायक्रोसॉफ्ट अशा संगणकाला अपडेटची हमी देत नाही आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती बहुधा हातानंच टाकावी लागते. २४एच२ पासून पुढच्या आवृत्त्या तर खूपच जुन्या प्रोसेसरवर सुरूही होत नाहीत. स्वतः सगळं निस्तरू शकणाऱ्यानं स्वतःच्या संगणकावर खुशाल करावं. नेरुळला एकट्या राहणाऱ्या आईच्या लॅपटॉपवर करू नये, कारण तो अडेल तेव्हा तुम्ही ट्रान्स-हार्बरच्या गाडीत असाल.

यादीत फक्त ब्राउझर, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, मेल आणि थोडं टायपिंग असेल तर लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या मोफत प्रणालीचा, गंभीरपणे विचार करा. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. त्याची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवरही बरी चालते, सोबत एसएसडी असेल तर उत्तमच. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून, काहीही न बसवता, तासभर वापरून बघता येतं. त्या तासात चार गोष्टी तपासा: वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंट निघते का, आणि मराठी टाइप होतं का. कीबोर्डच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट आहे. एचपी लेझरजेट १०२० सारख्या प्रिंटरला एचपीचं वेगळं प्लगइन लागतं, ते टाकलं की चालतो. टॅली, डिजिटल सही किंवा जुना मराठी फॉन्टचा प्रोग्राम यादीत असेल तर मिंटच्या वाटेला जाऊ नका, महिन्याभरात परत याल.

मॅकबुक असेल तर तुमच्या मॉडेलची शेवटची आवृत्ती कुठली ते बघा. २०१७ ची मॅकबुक एअर मॅकओएसच्या माँटेरी या आवृत्तीवर थांबते आणि माँटेरीला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत.

नवा संगणक घ्यायची वेळ कधी येते? बिजागरी मोडलीय, बॅटरी फुगलीय, रॅम वाढवता येत नाही आणि प्रोसेसरही अटींत बसत नाही, असं दोन-तीन गोष्टींत अडलं की. फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप मात्र चार्जिंगला लावू नका, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. एसएसडी आणि रॅमचे भाव सतत हलतात, म्हणून आकडा इथे देत नाही. ठाणे स्टेशनजवळच्या दोन दुकानांत विचारा आणि फरक मोठा वाटला तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जा. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या एक तृतीयांशाच्या वर जायला लागला की मी थांबते. हा माझा अंदाजी नियम आहे, पण आजवर त्यानं फसवलेलं नाही.

चौथी पायरी: बॅकअप, आणि तो उघडून बघणं

दोन प्रती करा, एक बाहेरच्या डिस्कवर आणि दुसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या डिस्कवर. डॉक्युमेंट्स आणि फोटोंसोबत डेस्कटॉप, डाउनलोड्स, टॅलीचा डेटा, आउटलुकची फाइल, ब्राउझरचे बुकमार्क आणि ते फॉन्ट्सचं फोल्डर. मग ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून पाच-सहा फायली उघडून वाचा. जुन्या फॉन्टमधली एखादी नक्की उघडा. मी हे केलं असतं तर बाबांचे ते तीन आठवडे गेले नसते.

एसएसडी टाकत असाल तर जुनी डिस्क आहे तशी नव्या एसएसडीवर क्लोन (हुबेहूब नक्कल) करून घ्या. क्लोनझिला फुकट आहे, दुकानदारही करून देतात. विंडोज बदलण्याआधी आठवडाभर तसंच वापरा. कितीतरी जणांचं समाधान इथेच होतं.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष दिवस

शनिवारची सकाळ निवडा. जीएसटीवाल्यांनी महिन्याच्या २० तारखेच्या आसपास आणि पगारदारांनी जुलैअखेरीस हे काढू नये. डेस्कटॉप यूपीएसवर हवा, लॅपटॉपला चार्जर लावलेला हवा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज झपकन जाते-येते आणि बायोस अपडेट होताना ती गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो.

प्रिंटर, पेन ड्राइव्ह, डोंगल काढून ठेवा. विंडोज अपडेटमध्ये ११ येत असेल तर तिथूनच घ्या, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं इन्स्टॉलेशन असिस्टंट वापरा. फायली आणि ॲप दोन्ही ठेवायचा पर्याय निवडला आहे ना, ते दोनदा बघा. संगणक मध्ये तीन-चारदा बंद-चालू होईल, स्क्रीन बराच वेळ काळी राहील. पॉवरचं बटण दाबू नका.

नंतरचे दहा दिवस

११ आवडली नाही तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून १० वर परत जाता येतं, पण फक्त दहा दिवस. म्हणून पहिल्या पायरीतला कागद काढा आणि त्यातली प्रत्येक गोष्ट या दिवसांतच करून बघा: प्रिंट, स्कॅन, डिजिटल सही, टॅली, बाबांचा सर्वांत जुना लेख. "जागा मोकळी करा" अशी सूचना आली तरी तोवर डिस्क क्लीनअप करू नका, परतीचा रस्ता त्यात पुसला जातो.

फॉरमॅट मारून नव्यानं टाकली असेल आणि मंगल फॉन्ट दिसत नसेल तर तो हरवलेला नाही. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स नावाचा संच आहे. तो घेतला की मंगल, कोकिळा आणि अपराजिता परत येतात.

काढलेली जुनी हार्ड डिस्क लगेच कुणाला देऊ नका. तिच्यावर तारीख आणि कुणाची ते लिहून सहा महिने कपाटात ठेवा. बाबांची अजून आमच्याकडे आहे, प्लास्टिकच्या डब्यात, सोबत छापखान्यातून आणलेल्या त्या फॉन्टची सीडी आणि डब्याच्या झाकणावर त्यांच्याच अक्षरात फॉन्टचं नाव.